जिन्याच्या दाराला विटेचा टेकू नको, योग्य क्लोजर हवा

मा. संपादक,

उंच इमारतींत जिन्याकडे जाणारी फायर डोअर्स (आग व धूर अडवणारी दारे) विटेचा किंवा कुंडीचा टेकू देऊन सताड उघडी ठेवलेली सर्रास दिसतात. याचा दोष रहिवाशांच्या बेफिकिरीला दिला जातो. पण पुष्कळदा मूळ कारण चुकीचा निवडलेला किंवा चुकीचा बसवलेला डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारे यंत्र, हेच असते. दार दिवसरात्र धाडकन आपटू लागले की कोणीतरी कंटाळून वीट सरकवतो, आणि आगीच्या वेळी जो जिना धुरापासून सुरक्षित राहायला हवा, त्यातच धूर शिरायला वाट मोकळी होते.

क्लोजरचा क्रमांक, म्हणजे त्याच्या जोराचा दर्जा, दाराची रुंदी आणि वजन पाहून ठरवायचा असतो. युरोपीय मानकानुसार ९५० मिमी रुंद व ६० किलो वजनापर्यंतच्या दाराला क्रमांक ३, तर ११०० मिमी व ८० किलोपर्यंत क्रमांक ४ लागतो. फायर डोअरला ३ च्या खालचा चालत नाही. तरीही अनेक सोसायट्या एकाच मापाचे क्लोजर घाऊक आणून कार्यालयाच्या हलक्या फ्लश डोअरपासून वाऱ्याच्या माऱ्यात असलेल्या गच्चीच्या दारापर्यंत सगळीकडे तेच बसवतात. प्रवेशद्वाराच्या १२ मिमी टफन्ड काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरते आणि टफन केल्यावर तिला भोके पाडता येत नाहीत, म्हणून तिथे बहुधा फ्लोअर स्प्रिंगच (दाराखाली लादीत बसवलेला क्लोजर) वापरतात. मात्र लादी पुसतानाचे पाणी तिच्या पेटीत मुरणार नाही, हे पाहावे लागते.

बसवण्याची बाजूही महत्त्वाची आहे. दार ज्या बाजूला ओढून उघडते, त्या बाजूला क्लोजर दारावर आणि त्याचा दांडा चौकटीवर बसवला, तर पूर्ण ताकद मिळते. ढकलण्याच्या बाजूला दांडा दाराला समांतर ठेवून बसवल्यास तो नीटनेटका दिसतो खरा, पण बंद करण्याचा जोर साधारण पाव हिश्श्याने घटतो, आणि हे आधी लक्षात घेऊनच क्रमांक निवडायला हवा. ॲल्युमिनियमच्या पातळ सेक्शनला आतून पट्टी न देता स्क्रू मारले, तर ते काही महिन्यांत सैल होतात.

उरतो वेगाचा प्रश्न. क्लोजरवर सहसा दोन पेच असतात : एक दार वळण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या टप्प्यात लॅच बसण्याचा. ते फार तर पाव वळसा फिरवून प्रत्येक वेळी दार तपासावे, कारण पेच जास्त सैल केला की तेल गळते आणि क्लोजर कायमचा निकामी होतो. दार वीतभर उघडून हात सोडावा. ते आवाज न करता येऊन लॅच बसला पाहिजे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्या वेळी परवानाधारक एजन्सीने पंप आणि पाइपलाइनबरोबर प्रत्येक मजल्यावरचे जिन्याचे दारही असेच सोडून पाहावे, आणि जिथे लॅच बसत नाही त्या मजल्याची नोंद अहवालात करावी, असा आग्रह सोसायट्यांनी धरावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे