ती वाळूची वही रेझ्युमेत कुठे आहे?

पुणे,
दि. १६ ऑगस्ट

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझा रेझ्युमे परवा व्हॉट्सॲपवर मिळाला. भोसरीहून घरी येताना आमची कंपनीची बस नाशिक फाट्याच्या कोंडीत पाऊण तास अडकली होती, तेवढ्यात तो मोबाइलवर दोनदा वाचून झाला, आणि रात्री जेवण झाल्यावर छापील प्रत समोर घेऊन, हातात पेन धरून, पुन्हा एकदा वाचला. चाळीसेक ठिकाणी अर्ज करूनही चाकण, तळेगाव, रांजणगाव यांपैकी कुठूनही मुलाखतीचे बोलावणे आले नाही, असे तू कळवले आहेस, आणि त्यावरून 'चाळिशी उलटल्यावर आपल्याला कोण विचारतो' असे म्हणून मोकळाही झाला आहेस. मला ते पटत नाही. गेली सहा वर्षे आमच्या क्वालिटी विभागासाठी माणसे निवडण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यानिमित्ताने वर्षाकाठी शे-दोनशे रेझ्युमे नजरेखालून जातात. त्या अनुभवावरून सांगतो, की तुला कोणी नाकारले नसावे. नाकारण्याइतके पुढेच कोणी वाचले नसावे.

रागावू नकोस, पण तुझे पहिले पान मी एका अनोळखी माणसाचे समजून वाचून पाहिले. वर ठळक अक्षरांत 'करिक्युलम व्हिटे', उजवीकडे फोटो, त्याखाली ऑब्जेक्टिव्ह. हे ऑब्जेक्टिव्ह डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी हॉस्टेलवर एका सीनियरच्या कागदावरून आपण दोघांनी मिळून उतरवले होते, आठवते का? त्यातले 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' अजून जागचे हललेले नाही. नंतर वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, येणाऱ्या भाषा आणि छंद. रास आणि उंची तेवढी राहिली, नाहीतर हाच कागद वधू-वर सूचक मंडळातही चालला असता. चौथ्या पानाच्या तळाशी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' असे प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक आणि सही आहे. शिवाजीनगर कोर्टाबाहेर टंकून घेतलेल्या अर्जांच्या काळापासून ही सवय आपल्याकडे चालत आली असावी. खासगी कंपनीत रेझ्युमेवर असे कोणी मागत नाही. हे सगळे काढलेस, दहावीचे टक्केही काढलेस, की तुझे एक पूर्ण पान मोकळे होते. सतरा वर्षांच्या अनुभवाला दोन पाने पुरतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या (ओतकाम कारखान्यातल्या) तुझ्या नऊ वर्षांच्या कामाखाली तू सहा ओळी लिहिल्या आहेस, आणि त्या सहाही 'रिस्पॉन्सिबल फॉर'ने सुरू होतात: इनकमिंग इन्स्पेक्शनची जबाबदारी, फायनल इन्स्पेक्शनची जबाबदारी, कस्टमर कम्प्लेंटची जबाबदारी. अरे, ही तर तुझ्या नेमणूकपत्रातली यादी झाली. तुझ्या जागी दुसरा कोणीही असता, अगदी रोज दोन तास उशिरा येणारा असता, तरी त्यालाही ह्याच सहा ओळी लिहिता आल्या असत्या. सहावी ओळ तर नुसती 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट ॲक्टिव्हिटीज' एवढीच आहे, आणि ती वाचून मी अक्षरशः पेन खाली ठेवले, कारण त्या तीन शब्दांखाली तू काय पुरून ठेवले आहेस ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तू आमच्याकडे उतरला होतास, तेव्हा रात्री गॅलरीत बसून सांगितलेली कॉम्प्रेसर हाउसिंगची (बाहेरच्या ओतीव कवचाची) हकीकत मी विसरलेलो नाही. मशीनिंग पूर्ण झालेले नग लीक टेस्टला गळायचे, कापून पाहिले की आत ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, दिसायचे, आणि फाउंड्रीवाले मशीनशॉपकडे व मशीनशॉपवाले फाउंड्रीकडे बोट दाखवायचे. तू तीन महिन्यांचे रिजेक्शन तारखांप्रमाणे एका शंभर पानी वहीत मांडलेस आणि तुझ्या लक्षात आले, की वाईट नग साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतले आहेत. सुट्टीत वाळू वरून कोरडी पडायची, सकाळी आलेला माणूस अंदाजाने जास्त पाणी मारायचा, आतली वाळू आधीच ओली असल्याने ओलावा मर्यादेबाहेर जायचा आणि ओतलेल्या लोखंडात वाफेचे फुगे अडकायचे. पहिला साचा करण्याआधी ओलावा मोजून वहीत लिहायचा आणि तो आकडा ठरल्या मर्यादेत आल्याशिवाय मोल्डिंग सुरू करायचे नाही, एवढाच नियम तू लावलास. नवे यंत्र घेतले नाही, खर्च नाही. महिन्याला सहा हजार नग निघत होते, त्यांत सात टक्के बाद होत, ते अडीच टक्क्यांवर आले; म्हणजे दरमहा २७० नग वाचले, तेही मशीनिंगचा सगळा खर्च अंगावर पडल्यानंतर भंगारात जाणारे. ही वही तुझ्या चार पानांत कुठे आहे, बापू?

माझ्यासारखा माणूस रेझ्युमे वाचतो तेव्हा 'ह्याला बोलावले तर मी काय विचारीन' एवढेच त्याच्या मनात असते. 'रिस्पॉन्सिबल फॉर इन्स्पेक्शन' वाचून काहीच विचारावेसे वाटत नाही. त्याऐवजी 'लीक टेस्टमधील रिजेक्शन आणि सुट्टीनंतरची पहिली पाळी यांचा संबंध शोधून वाळूच्या ओलाव्याची तपासणी सुरू केली. चार महिन्यांत रिजेक्शन ७ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर' अशी ओळ दिसली, तर मी खुर्ची पुढे ओढून बसेन, कारण मला लगेच विचारायचे असेल की हे तुझ्या ध्यानात कसे आले आणि फाउंड्रीवाल्यांना तू कसे पटवलेस. तो प्रश्न तुझ्या घरचा आहे, त्यावर तू अर्धा तास बोलशील. इंग्रजीत तूच उतरव, माझ्यापेक्षा तुझे इंग्रजी बरे आहे. फक्त एक पथ्य पाळ: ग्राहकाचे नाव आणि पार्ट नंबर लिहू नकोस, 'एअर कॉम्प्रेसर उत्पादक' एवढे पुरेसे आहे.

प्रत्येक ओळीला असा आकडा सापडणार नाही, आणि ओढूनताणून आणूही नकोस. ह्याची शिक्षा मी भोगली आहे. २००९ च्या मंदीत माझी नोकरी गेली, तेव्हा रेझ्युमे वजनदार दिसावा म्हणून मी 'एसपीसीचे सखोल ज्ञान' (एसपीसी म्हणजे आकडेवारीच्या आधारे उत्पादनावर नियंत्रण) असे लिहून ठेवले होते. एका कंपनीत समोरच्या वयस्कर साहेबांनी शांतपणे विचारले, "सीपी चांगला आहे आणि सीपीके वाईट आहे, तर मशीनला काय झाले आहे?" मला घाम फुटला. सीपी फक्त मापांचा पसारा टॉलरन्समध्ये (मान्य मर्यादेत) मावतो का ते पाहतो आणि सीपीके तो पसारा मध्यावर आहे का तेही पाहतो, म्हणजे मशीन नेमके आहे पण सेटिंग एका बाजूला सरकले आहे, हे उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचले. त्या एका शब्दापायी माझी बाकीची खरी पाच वर्षेही त्यांना खोटी वाटली असणार.

तुझ्या कागदात एक बारीक चूक आहे, पण ती महाग पडते. तू 'टीएस १६९४९ इंटर्नल ऑडिटर' असे लिहिले आहेस. हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक; २०१६ साली त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आले आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुनी प्रमाणपत्रे बाद झाली. तू दरवर्षी नव्या मानकाप्रमाणेच ऑडिट करतोस, पण वाचणाऱ्याला वाटते की हा माणूस तिथेच थांबला. एफएमईएचेही, म्हणजे संभाव्य बिघाड आधीच हेरण्याच्या पद्धतीचेही, तसेच. २०१९ च्या हँडबुकपासून आरपीएनऐवजी (जोखमीच्या गुणाकाराच्या आकड्याऐवजी) ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे उपायांचा अग्रक्रम, आली; तू त्या पद्धतीने एफएमईए केले असेल तर तसे स्पष्ट लिही, केले नसेल तर नुसते एफएमईए लिहून पुढे जा.

सॉफ्टवेअरच रेझ्युमे फेकून देते, अशी भीती तू व्यक्त केली आहेस. बहुतेक ठिकाणी ते इतके निर्दयी नसते. एटीएस म्हणतात ती प्रणाली कागदातला मजकूर उपसून नाव, शिक्षण, अनुभव अशा खणांत भरते आणि मग एचआरची मुलगी त्यात 'पीपीएपी' (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया), 'लीक टेस्ट', 'कास्टिंग' असे शब्द टाकून शोधते. तुझ्या मेहुण्याने बनवून दिलेले ते दोन रकान्यांचे रंगीत डिझाइन मात्र इथे घात करते, कारण काही प्रणाली डावीकडची आणि उजवीकडची ओळ सलग वाचतात, आणि कौशल्यांपुढे काढलेल्या चांदण्या तर त्यांना दिसतच नाहीत. तुझा फोन नंबर वर्डच्या हेडरमध्ये आहे, तोही काही ठिकाणी हरवतो. घरच्या घरी तपासायचे असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटव. तिथे जो गोंधळ दिसेल, तोच यंत्रालाही दिसत असणार. एकच रकाना ठेव, साधे मथळे दे, आणि पीपीएपीसारखी लघुरूपे एकदा पूर्ण नावासकट लिही, म्हणजे शोधणारा कोणताही शब्द टाको, तू सापडशील.

एआयकडून लिहून घेऊ का, असेही विचारले आहेस. स्पेलिंग तपासून घे, व्याकरण सुधारून घे. पण गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या रेझ्युमेंपैकी निम्म्यांत 'स्पियरहेडेड' ('नेतृत्व केले') हा एकच शब्द होता, आणि त्या माणसांपैकी एकाचाही चेहरा आज माझ्या डोळ्यांपुढे नाही.

एकच कागद चाळीस ठिकाणी पाठवलास, हेही मला खटकले. तळेगावची जी जाहिरात तू पाठवलीस ती इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर हाउसिंगची आहे, म्हणजे ॲल्युमिनियम डाय कास्टिंग. तू म्हणतोस, 'मी लोखंडातला माणूस'. पण त्यांचेही दुखणे पोरॉसिटीचे (आतल्या बारीक पोकळ्यांचे) आणि लीक टेस्टचेच आहे. त्या अर्जात हाउसिंगची ओळ सगळ्यांत वर ने. रांजणगावची जागा सप्लायर क्वालिटीची आहे, तिथे तू सांभाळलेल्या बारा व्हेंडरांचे ऑडिट वर यायला हवे. मजकूर तोच, फक्त क्रम बदलायचा. ह्याला पंधरा मिनिटे लागतात.

तुझ्या पत्त्यात कोल्हापूर आहे आणि नोटीस पीरियड कुठेच नाही. इथल्या माणसाला पहिली शंका हीच येते की हा घरदार सोडून येईल का आणि कधी येईल. नावाखाली एका ओळीत 'पुण्यात स्थलांतरास तयार, नोटीस ६० दिवस' असे लिही. पगाराचा आकडा मात्र कागदावर नको, तो विचारतील तेव्हा सांग.

आणि २०२१ चे ते आठ महिने. तू फक्त वर्षे लिहून महिने गाळले आहेस, म्हणजे खंड दिसू नये म्हणून. मला ते दिवस माहीत आहेत. अण्णांच्या उशाशी तू रात्री काढल्यास आणि शेवटी ते गेलेच. त्यात लपवण्यासारखे काय आहे? 'वडिलांच्या आजारपणामुळे रजा, मार्च ते ऑक्टोबर २०२१' एवढे लिहून टाक. महिने गाळलेले अनुभवी डोळ्यांना लगेच कळते, आणि मग वाचणारा खऱ्या कारणाहून वाईट काहीतरी मनात धरतो.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. मी लाल पेनाने खुणा करून परत देईन, आणि आमच्या इथे दिवाळीनंतर एक जागा निघणार आहे, तिच्यासाठी रेफरलने तुझे नाव देईन. मात्र तुझी मुलाखत मी घेणार नाही, ती दुसऱ्याने घेतलेली बरी. तोपर्यंत एक काम कर. ती शंभर पानी वही अजून कपाटात असेल तर शोधून काढ आणि पहिल्या महिन्याच्या पानाचा फोटो मला पाठव. चार महिने लागले की पाच, हे मला पक्के आठवत नाही, आणि ती ओळ लिहिण्याआधी तारखा तपासलेल्या बऱ्या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचे काय झाले ते कळव.

तुझा,
हॉस्टेलचा रूम पार्टनर