वादळातही सहल तडीस नेणाऱ्या आमच्या संयोजक ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

टेक्सासमधल्या गालव्हेस्टन बंदरातून क्रूझ जहाजाने निघताना आपला बेत मेक्सिकोतलं कोस्टा माया, बेलिझ देशातली बेलिझ सिटी आणि मेक्सिकोतलंच कोझुमेल असा होता. म्हणजे चाकचोबेन, आल्तुन हा आणि सान हेर्वासियो अशी माया संस्कृतीची तीन ठिकाणं. चक्रीवादळ बेलिझच्या रोखाने सरकलं आणि पदरात पडलं मेक्सिकोतलं एकटं प्रोग्रेसो बंदर. तरी कोणाचे आगाऊ पैसे बुडाले नाहीत की कोणी मागे राहिलं नाही. हे आभार जाहीरपणे मानतोय, कारण तुमचं निम्मं काम वादळ उठायच्या आधीच झालं होतं आणि असं काम सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

विम्याचंच घ्या. तो तुम्ही तिकिटांबरोबरच काढायला लावलात. वादळाला एकदा नाव पडलं की नंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात सप्टेंबर ऐन भरातला. भाडं स्वस्त का, हे तुम्ही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याहून आलेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हेही एकेक पान उलटून पाहिलंत. एकाच प्रवेशाचा असता तर परतताना गालव्हेस्टनलाच घोळ झाला असता.

पैशांच्या बाबतीत मंडळींचा मोठा गैरसमज होता. बंदर वगळण्याचा हक्क क्रूझ कंपनीच्या करारातच असतो. त्यासाठी भाडं परत मिळत नाही. न लागलेल्या बंदराचं शुल्क तेवढं केबिनच्या खात्यात जमा होतं. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात, खाजगी बसवाल्याचे येतीलच असं नाही. म्हणून कोस्टा मायाच्या बसवाल्याकडून ‘जहाज धक्क्याला लागलं नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य तुम्ही आधीच लेखी घेतलं होतं. त्या एका ओळीने आपली सगळी रक्कम वाचवली.

मग ते नकाशे. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं पत्रक टेक्सासच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री १० ला निघतं. तुम्ही ते वाचून दोन ओळींत ग्रुपवर टाकत होता. ‘आपलं बंदर नकाशावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर आहे, मग कशाला रद्द करतात?’ असं विचारणाऱ्यांना तुम्ही न चिडता सांगितलंत, की तो पट्टा फक्त वादळाचा केंद्रबिंदू कुठे जाईल हे दाखवतो, वाऱ्याचा घेर दाखवत नाही. आणि साधारण तीनात एकदा केंद्रही त्याबाहेर जातं. बेलिझला तर मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही. पाणी उथळ, त्यामुळे नांगर बराच बाहेर पडतो आणि माणसं लहान बोटींतून नेतात. वादळ लांब असलं तरी त्याच्या लाटा आधी पोहोचतात आणि हलत्या बोटीत आजीआजोबांना उतरवणं जमत नाही. कोस्टा मायाची गोष्ट निराळी: तिथे धक्का आहे, पण २००७ साली ‘डीन’ वादळाने तोच मोडला होता. कप्तान उगाच घाबरले नव्हते.

प्रोग्रेसो ठरल्यावर निम्म्या गटाला चिचेन इत्झा हे प्रसिद्ध माया ठिकाण हवं होतं. एका बाजूचे दोन तास, शिवाय बंदराचा धक्काच साडेसहा किलोमीटर लांब, कारण तिथला समुद्रतळ फार हळूहळू खोल होत जातो. तुम्ही ठाम राहून अर्ध्या तासावरचं झिबिल्चाल्तुन हे माया ठिकाण निवडलंत. सात बाहुल्यांचं मंदिर निवांत पाहता आलं. (जमिनीखाली मातीच्या सात लहान मूर्ती सापडल्या, म्हणून हे नाव.)

सर्वांत मोलाची गोष्ट घड्याळाची. कोझुमेल आणि कोस्टा माया ज्या किन्ताना रो राज्यात आहेत, तिथली वेळ उन्हाळ्यात टेक्सासइतकीच असते. प्रोग्रेसो मात्र युकाटान राज्यात, एक तास मागे. जहाजाने आपली वेळ बदलली नाही, पण सगळ्यांचे मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप बदलले. तुम्ही प्रत्येक व्हॅनच्या डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली होती: ‘जहाज ३:३०, गाव २:३०’. ती नसती तर काही कुटुंबं धक्क्यावरून जहाजाला टाटा करत बसली असती.

आल्तुन हा राहिल्याची हळहळ आहे, पण तिथे सापडलेलं सूर्यदेवाचं ते प्रसिद्ध हिरव्या जेडचं शीर त्या जागेवर ठेवलेलं नसतंच, असं तुम्ही सांगितल्यावर ती जरा कमी झाली.

पुढच्या वेळी फेब्रुवारी धरू या. भाडं जास्त पडेल, आणि तेव्हा प्रोग्रेसोला उत्तरेचे जोराचे वारे सुटतात हे तुम्ही सांगालच. तरी आमची तयारी आहे. व्हॅनच्या चालकांना आमचा नमस्कार कळवा.

आपले,
गटातील सर्वजण