रिकामी कार्ट्रिज घंटागाडीत जाऊ नयेत: मा. आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड

सप्रेम नमस्कार.

सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि जिल्हा न्यायालयाच्या आसपास झेरॉक्स-टायपिंगची बरीच दुकाने आहेत. त्यातलेच एक माझे. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, सातबारे, दिवसभर प्रिंटर चालूच असतो. कार्ट्रिजमधला, म्हणजे प्रिंटरच्या पावडरीच्या डबीतला, टोनर संपला की आम्ही ते लगेच फेकत नाही. रिफिलवाला पावडर भरतो, गरज पडली तर ड्रम आणि ब्लेड बदलतो, आणि तेच कार्ट्रिज पुन्हा कामाला लागते. ही सवय चांगली आहे, ती टिकावी. पण बॉडीच गेली की ते टाकायचे कुठे?

घंटागाडीत टाकले तर पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जाणार. टोनरची पावडर म्हणजे बारीक दळलेले प्लास्टिक, त्यात काजळी किंवा लोहाचे ऑक्साइड. कण जेमतेम काही मायक्रॉनचे. कार्ट्रिज कचऱ्यात दाबून फुटले की ती पावडर कचरा निवडणाऱ्या बायामाणसांच्या नाकातोंडात जाते. मला सगळ्यात जास्त सलते ते हेच. भंगारवाला घेतो, पण १२ए, ८८ए अशा एचपीच्या मॉडेलचे ओरिजिनल कार्ट्रिज चांगल्या स्थितीत असेल तरच. आणि असा माल पुष्कळदा डुप्लिकेट पावडर भरून, नव्या खोक्यात घालून पुन्हा बाजारात येतो. इंकजेटच्या लहान कार्ट्रिजला तर कोणी हात लावत नाही.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या अनुसूचीत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही स्पष्ट उल्लेख आहे. पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे हे खरे, पण शहराच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम त्याच नियमांनी महापालिकेकडे दिले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर या सहाही विभागीय कार्यालयांत कार्ट्रिजसाठी झाकणाची पेटी ठेवावी. जमा झालेला माल भंगाराच्या लिलावात काढू नये. नोंदणीकृत ठिकाणी पाठवून पावती ठेवावी. तिथे बॉडी फोडली जाईल, म्हणजे डुप्लिकेटवाल्यांच्या हाती काही लागणार नाही.

आणि सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या कार्यालयांपासून व्हावी. टोनर खरेदीच्या निविदेत एक अट घाला: जितकी नवी कार्ट्रिज पुरवली, तितकी रिकामी परत न्यायची आणि ती कुठे दिली याचा कागद जोडायचा, त्याशिवाय बिल निघणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी फायली, नकाशे, पास यांची किती छपाई होणार हे आपल्याला सांगायला नको. ही अट त्या खरेदीतही असावी.

पेट्या कुठे ठेवल्या ते दुकानदारांना कळवा. कार्ट्रिज पिशवीत बंद करून, चिकटपट्टी लावून तिथवर आणून देणे आमच्याकडे लागले. त्यासाठी गाडी पाठवायचीही गरज नाही.

आपला नम्र,
एक झेरॉक्स व्यावसायिक, सीबीएस परिसर, नाशिक