बाळंतिणीची डोकेदुखी अंगावर काढू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पानावर नवजात बाळाच्या संगोपनाबद्दल नियमित मजकूर येतो आणि तो उपयुक्तही असतो. मात्र त्या बाळाच्या आईच्या प्रकृतीविषयी त्यात फारच थोडे असते, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझी सून बाळंत झाली. गरोदरपणात तिचा रक्तदाब एकदाही वाढला नव्हता. घरी आल्यावर, सहाव्या दिवशी सकाळपासून तिचे डोके ठणकू लागले. रात्रभर बाळाने जागवले होते, त्यामुळे ‘झोप झाली नाही, दुसरे काय’ असे मीच म्हणाले आणि पडदे ओढून तिला निजवले. दुपारी पाजायला घेतल्यावर बाळाच्या चेहऱ्याच्या जागी नुसते काजवे चमकताहेत, असे ती म्हणाली, तेव्हा मुलाने माझेच रक्तदाबाचे यंत्र तिच्या दंडाला बांधले. आकडा आला १६४/११०. झटके येऊ नयेत म्हणून रुग्णालयात तातडीने औषध सुरू झाले आणि चार दिवसांनी ती घरी परतली. बाळ किती वेळा प्यायले, लंगोट किती भिजले, याची चोख नोंद आमच्या कॅलेंडरवर होती. आईसाठी मात्र त्यात एक रकानाही नव्हता.

रक्तदाबाचा हा विकार गरोदरपणातच होतो आणि बाळंतपणाबरोबर संपतो, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात तो प्रसूतीनंतर नव्यानेही उद्भवतो, बहुधा पहिल्या आठवड्यात, पण कधी सहा आठवड्यांपर्यंतही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी वा ठिपके, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज, धाप लागणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी रक्तदाब मोजावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. १६०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर रात्रीचे किती वाजले हे न पाहता रुग्णालय गाठावे. आकडा ठीक आला, पण त्रास कायम राहिला, तरी डॉक्टरांना विचारावेच.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, हेही वाट पाहण्याजोगे नाही. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते. ते दोन आठवड्यांनंतरही ओसरले नाही, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो स्वभावाचा दोष नसून उपचार करण्याजोगा आजार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रसूतीनंतर पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांदरम्यान, ७ ते १४ दिवसांदरम्यान आणि सहाव्या आठवड्यात आई व बाळ या दोघांचीही तपासणी व्हायला हवी. आम्ही बाळाची एकही तारीख चुकवली नव्हती, आणि तपासणीच्या त्या खोलीत सून दर वेळी दुपटे सावरत बाजूला उभी असे.

ही लक्षणे आपण एका चौकटीत छापावीत, अशी विनंती आहे. अक्षरे मोठी असावीत. घरात ती वाचण्याची खरी गरज माझ्या वयाच्या बायकांना आहे आणि आमचा चष्मा वेळेवर सापडतोच असे नाही.

आपली,
एक आजी