खालच्या मजल्यावरच्या मुलीस, जाहीर आभार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

फोनवर आभार मानायला गेलो की "काका, त्यात काय एवढं" म्हणून तू विषय बदलतेस. म्हणून चारचौघांत लिहितोय. आता बदल विषय.

आमच्या हौशी मंडळाचं १९९६ सालचं नाटक व्हीएचएस कॅसेटवर होतं. बुरशी लागायच्या आत उतरवून घ्यावं म्हणून दुकानात दिलं, पेनड्राइव्ह आणला आणि मंडळाच्या टीव्हीला लावला. आवाज खणखणीत, पडदा काळा. आमचे दिग्दर्शक दोन वर्षांपूर्वी गेले. काळ्या पडद्यातून त्यांची वाक्यं येत राहिली आणि खोलीतलं कुणी बोलेना. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, हेच दाखवायचं ठरलं होतं. हातात नऊ दिवस होते.

त्यातले चार मी वाया घालवले. भाच्याने फाइल एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकली. चित्र आलं, पण चेहरे पुसट. मग त्या कन्व्हर्ट केलेल्या फाइललाच पुन्हा कन्व्हर्ट केलं. झेरॉक्सची झेरॉक्स! तू जिन्यात भेटलीस तेव्हा मी तिसऱ्या खेपेच्या तयारीत होतो. तुझा पहिला प्रश्न अजून कानात आहे : "मूळ फाइल आहे ना? तिला कुणी हात नाही ना लावला?"

मी म्हटलं, फाइल एमपी४ आहे, टीव्हीच्या खोक्यावरही एमपी४ लिहिलंय. तू आमच्या ओट्यावरचा श्रीखंडाचा डबा उचलून उघडलास. आत मोहरी. "एमपी४ म्हणजे एवढंच, काका. डबा." बायको अजून ते सांगून हसते.

मग तो काळा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. एफएफप्रोब (फाइलच्या आत काय आहे ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम), एक रिकामी जागा, फाइलचं नाव. एवढंच. पहिल्या खेपेला चुकलं, कारण भाच्याने नावात रिकाम्या जागा सोडल्या होत्या. तू म्हणालीस, नाव अवतरणचिन्हांत घाला. दुसऱ्या खेपेला स्क्रीनभर मजकूर आला. त्यातला अर्धा तर हा प्रोग्रॅम कसा बांधलाय याचीच मंत्रपुष्पांजली. ती 'हाइड बॅनर' लिहिल्यावर गेली. उरलेल्या मजकुरात 'व्हिडिओ' शब्द असलेली ओळ होती, तिच्यावर तू बोट ठेवलंस : एच.२६४ ही चित्र दाबून साठवायची पद्धत, कंसात 'हाय १०', पुढे युव्ही४२०पी१०एलई हा रंग साठवायचा प्रकार, मग ७२० बाय ५७६ पिक्सेल, एसएआर म्हणजे एका पिक्सेलचं रुंदी-उंचीचं प्रमाण १:१, डीएआर म्हणजे अख्ख्या चित्राचं ५:४, २५ एफपीएस म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम.

मला वाटलं झालं, टीव्हीला एच.२६४ चालतो, खोक्यावर तसं लिहिलंय. तू म्हणालीस, आडनाव वाचलंत, नाव वाचा. 'हाय १०' म्हणजे प्रत्येक रंगाला दहा बिट, आणि टीव्हीच्या आतल्या चिपला साधारण आठ बिटांचाच एच.२६४ उलगडता येतो. आवाजाचा प्रवाह वेगळा, तो एएसी या साध्या, नेहमीच्या पद्धतीचा होता, म्हणून तो बिनतक्रार वाजत होता. चार दिवसांचं कोडं एका कंसात होतं.

मी तर लगेच आठ बिटांची फाइल करायला सांगणार होतो. तू थांबवलंस. लॅपटॉपवर मूळ फाइल लावून विचारलंस, "काका, ही माणसं खरंच एवढी उभट होती?" नव्हती. कॅसेटचं चित्र ४:३, आणि फाइलमध्ये पिक्सेल चौकोनी असल्याची नोंद, म्हणून ते ५:४ दिसत होतं. एसएआर १६:१५ असायला हवा होता. कुणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघाही यायच्या. मी त्याला कॅसेटचा दोष समजत होतो.

त्या रेघांचा उलगडा मला सगळ्यांत आवडला. जुन्या कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं : एकात एक आड एक रेघा, दुसऱ्यात मधल्या, आणि दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. एकत्र विणली की हलता हात दोन जागी दिसतो. पण एफएफप्रोबला फील्ड ऑर्डर, म्हणजे कुठलं अर्धं आधी, विचारली तर उत्तर 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे अर्धी चित्रं नाहीतच! मी म्हटलं, खोटं बोलतंय. तू म्हणालीस, नाही, जे लिहिलंय ते वाचून दाखवतंय. लिहिणारा चुकलाय.

मग मीडियाइन्फो, फाइलची माहिती दाखवणारा दुसरा प्रोग्रॅम. एन्कोडिंग सेटिंग्जच्या त्या मैलभर लांब ओळीत तू दोन शब्द शोधलेस : सीआरएफ १८ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला), इंटरलेस्ड ० (म्हणजे अर्धी चित्रं नाहीत). एक्स२६४, म्हणजे एच.२६४ बनवणारा प्रोग्रॅम, आपण कशा सेटिंग्जवर चाललो हे फाइलमध्येच लिहून ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं. दुकानदाराला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या. पण १८ म्हणजे त्याने दर्जात कंजुषी केली नव्हती, फक्त हे चित्र दोन अर्ध्यांचं आहे हे सांगायचं राहिलं. अर्ध्या शिव्या मागे घेतल्या.

शेवटी तू एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅममधला आयडेट हा अर्धी चित्रं ओळखणारा फिल्टर लावलास. नवी फाइल न बनवता त्याने पाचशे फ्रेम नुसत्या तपासल्या आणि बहुतेक सगळ्या 'टीएफएफ'च्या रकान्यात टाकल्या, म्हणजे वरच्या ओळीचं अर्धं चित्र आधी. त्यानंतर कुठे तू फाइल करायला घेतलीस : बीडब्ल्यूडीआयएफ या फिल्टरने दोन्ही अर्धी सोडवून सेकंदाला ५० फ्रेम, आठ बिट, ४:३. एकदाच, आणि मूळ फाइलवरून.

५ तारखेला टीव्हीवर दिग्दर्शकांची एन्ट्री झाली. ते हातातली काठी गर्रकन फिरवायचे. काठी एकच दिसली.

तू नोकरीला बंगळूरला गेलीस तेव्हापासून मंडळातले लोक पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात. कपाटाच्या दाराला आतून तुझ्या अक्षरातला कागद चिकटवलाय. परवा एकाचा फोनवरचा व्हिडिओ आडवा दिसत होता; मी रोटेशनची नोंद एकट्याने शोधली, उणे ९० होती. कन्व्हर्ट काही केलं नाही हो, आधी नुसतं वाचलं.

एक अडलंय. त्याच फाइलमध्ये सेकंदाला किती फ्रेम याचे दोन आकडे आहेत : 'आर फ्रेम रेट' ३० दाखवतो आणि 'अॅव्हरेज फ्रेम रेट'च्या पुढे एक भलामोठा अपूर्णांक येतो. भागून पाहिलं तर २९ च्या थोडं वर. फोन मधूनच फ्रेम गाळतो की काय? दिवाळीत आलीस की सांग. श्रीखंड करायला सांगितलंय, या खेपेला डब्यात श्रीखंडच असेल.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका
सांगली