नागपूरचे विमान मुंबईच्या मापाने मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या विमानसेवेची चर्चा निघाली की सगळ्यांच्या तोंडी मुंबईच असते. मी उभा जन्म हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. नकाशासमोर उभे राहिले तर मला विमानाची खरी निकड नागपूरसाठी दिसते.

उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे ७००. पंख्याचे एटीआर विमान तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे मुंबईला पाऊण-एक तास, नागपूरला दीड-पावणेदोन. जेट असेल तर नागपूर सव्वा तासावर येते. मुंबईला मात्र जेटनेही फारसे काही वाचत नाही, कारण ते पुरता वेग धरते न धरते तोच उतरायला लागते. त्यात मुंबईवर घिरट्या, इथे आधी जाऊन बसणे, तिथे विमानतळाबाहेर पडणे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपलेला माणूस सकाळी दादरला उतरतोच की!

आता नागपूर पाहा. महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, पुणे, दौंड, अहिल्यानगर करत मनमाडपर्यंत वर चढते आणि मग भुसावळ, अकोला, वर्धा असा पूर्वेचा रस्ता धरते. ७०० किलोमीटरचे अंतर रुळांवरून बाराशेच्या घरात जाते. आज दुपारी बसावे तर उद्या दुपार उलटते. माझी लेक नागपूरला दिली आहे. तिच्या बाळंतपणाला मी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन याच गाडीने गेले, मला जमले. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे वाकत नाहीत. इतके तास गाडीत त्यांना कसे बसवायचे? पणतवाला त्या अजून फोनवरच बघतात. आमच्यासारखी घरे इथे पेठापेठांत आहेत. शिवाय हिवाळी अधिवेशनाला निवेदन घेऊन जाणारी माणसे वेगळीच.

लहान शहरे विमानाने जोडणारी केंद्राची ‘उडान’ योजना आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे ५०० किलोमीटरच्या आसपासच्या उड्डाणाला निम्म्या जागांचे भाडे अडीच हजार रुपयांपर्यंत ठरवले होते. त्या बदल्यात कंपनीला तीन वर्षे अनुदान. हे सगळे हवेतल्या अंतरावर बेतलेले. माझे म्हणणे असे की कोणत्या मार्गाला आधार द्यायचा आणि तो किती वर्षे, हे ठरवताना जमिनीवरचे किती तास वाचतात तेही धरावे. त्या हिशेबात नागपूर मुंबईच्या कितीतरी पुढे आहे.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या बाजूने बोलणारेही तासांचाच हिशेब मांडतात. पण त्या सुमारे ८०० किलोमीटरच्या रस्त्यासाठी पिकती जमीन जाणार आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा विरोध मला मनापासून पटतो. नागपूर जवळ आणायचेच असेल तर आधी विमान नीट चालवा. १९३९ साली राजाराम महाराजांनी सुरू केलेला विमानतळ आपल्याकडे आहे, त्यासाठी कुणाचा ऊस उपटावा लागत नाही.

आपल्यालाही एक विनंती. कोणत्याही विमानमार्गाची बातमी छापताना त्याच गावाला रेल्वेने आणि एसटीने किती तास लागतात तेही शेजारी छापावे, आणि परतीचे विमान कोणत्या वारी, किती वाजता आहे तेही. म्हातारे माणूस सोबत न्यायचे की नाही, हे आम्हाला त्यावरूनच ठरवता येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर