ताई, तुम्ही डबा उचलून डावीकडे आलात त्याबद्दल

ताई,

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि चहा मागवता. आज ऐकून घ्यावंच लागेल.

हिंजवडीची मोठी जागा सोडून आपली कंपनी कल्याणीनगरच्या एका मजल्यावर आली. माणसं तेवढीच, खुर्च्या निम्म्याहून कमी. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. आपली म्हणून जागा कुणालाच नाही, अॅपवर मिळेल तिथे बसायचं. बहुतेकांना वाकडच्या पुलाखालचं ट्रॅफिक सुटल्याचा आनंद होता. मलाही वनाझहून मेट्रोत बसलं की थेट कल्याणीनगर, गाडी बदलायची भानगड नाही. तरी मला धडकी भरली होती.

लहानपणी गालगुंड झाले आणि माझा उजवा कान गेला. एका कानाने सगळं भागतं असं लोकांना वाटतं. आवाज कुठल्या बाजूने आला ते मेंदू दोन कानांच्या हिशेबाने ठरवतो. एकच कान असला की हाक ऐकू येते, पण कुणी आणि कुठून मारली ते कळत नाही. चारजण एकदम बोलायला लागले की त्यातला एक आवाज वेगळा काढता येत नाही. उजवीकडून कुणी हळू काही विचारलं आणि मी वळलेच नाही, की ती बाई शिष्ट ठरते. हिंजवडीत उजव्या हाताला भिंत असलेली जागा मी वर्षानुवर्षं धरून होते, म्हणून निभावलं.

ऑफिसात कुणी कुठे आणि कोणत्या वारी बसायचं ते ठरवायचं तुमचं हे काम तुम्ही यायच्या आधी ज्यांच्याकडे होतं, त्यांना मी भेटून सांगितलं होतं की मला भिंतीकडेची एक जागा कायम द्या. ते म्हणाले, सर्टिफिकेट आणा. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णदोषाची व्याख्याच दोन्ही कान धरून केलेली आहे. एक कान ठणठणीत असेल तर दुसरा पूर्ण गेला तरी त्या व्याख्येत माणूस बसत नाही. तसं डॉक्टरांचं पत्रही नेऊन दिलं. उत्तर आलं, मग आमचा नाइलाज आहे, पॉलिसी सगळ्यांना सारखी. एक भिंत मागत होते मी, ताई. पगारवाढ नव्हे. तो मेल आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं आणि रागही येतो.

मग मीटिंगा सुरू झाल्या. पाच-सहाजण खोलीत एका स्पीकरभोवती, बाकीचे घरून. घरच्यांना खोलीतलं नीट ऐकू जायचं नाही, मला तर दोन्हीकडचं नाही. अकाउंट्समध्ये पंधरा ऐकलं आणि पन्नास असलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी प्रत्येक आकडा नंतर फोन करून पुन्हा विचारून घ्यायचे.

तुम्ही नवीन आलात त्या आठवड्यात पॅन्ट्रीत मी जेवत होते. तुम्ही येऊन उजवीकडे बसलात, डबा उघडलात, काहीतरी बोललात. मला पत्ताच नाही. क्षणभर थांबलात बहुतेक. मग उठलात, भाजीचा डबा, पोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली, सगळं उचलून टेबलाला वळसा घालून माझ्या डावीकडे आलात. आणि तेच वाक्य पहिल्यापासून बोललात: "शेपूची आहे, चालते ना तुम्हाला?" काय झालंय, कधीपासून, मशीन का लावत नाही, काही विचारलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत. लोक कानाचं कळलं की ओरडून बोलायला लागतात, आणि सगळी पॅन्ट्री वळून बघते. तुम्ही शेपूची भाजी वाढलीत आणि मुलाच्या दहावीबद्दल बोलायला लागलात.

आपल्यात काही कमी आहे हे समोरच्याने ओळखलं आणि तरी आपल्याला लाज वाटू दिली नाही, असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय. घरच्यांनाही ते जमलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात अॅप उघडलं तर कोपऱ्यातली, उजव्या हाताला भिंत असलेली जागा माझ्या दोन्ही दिवसांना माझ्याच नावावर. ना मेल, ना फॉर्म. आणि थोड्याच दिवसांत नियम आला, की ऑफिसात असलात तरी मीटिंगला प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून हेडफोन लावून यायचं, आणि बोललेलं खाली लिहून येतं ती सोय चालू ठेवायची. माझं नाव कुठेही नव्हतं. घरून बसणाऱ्या मुलींनीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या, कारण आता त्यांनाही सगळं ऐकू येतं.

बाकीच्यांसाठी केलंत तेही मी बघितलंय. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार, पाणीही पुष्कळदा गुरुवारीच बंद. आधीच्यांनी खात्यांप्रमाणे वार वाटले होते. तुम्ही प्रत्येकाला विचारलंत की तुमच्याकडे गुरुवारी काय असतं, आणि ज्यांच्याकडे लाइट जाते त्यांना गुरुवार ऑफिसचा दिलात. वाकडला तिघींत एक फ्लॅट करून राहणाऱ्या, पलंगावर बसून काम करणाऱ्या त्या नव्या मुलीला तिसरा दिवसही येऊ दिलंत. हिंजवडीचे चहावाले मामा नव्या जागेच्या यादीत नव्हते, ते आज पॅन्ट्रीत आहेत. जागा लहान झाली की काय काय कापायचं याच्या याद्या सगळेच करतात. तुम्ही आधी माणसांजवळ जाऊन बसलात. चांगुलपणाला बजेट लागत नाही असं म्हणतात, पण वेळ लागतो, आणि तो तुम्ही तुमच्या जेवणाच्या सुट्टीतून काढलात.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. तुम्ही यायच्या आधी मी राजीनामा लिहून ठेवला होता, तारखेची जागा तेवढी रिकामी होती. तो मी काढून टाकला आहे. यंदाचं मार्चचं क्लोजिंग मीच करणार.

तुमची,
अकाउंट्समधली, कोपऱ्यातली